व्हिक्टोरिया : हुकलेल्या संधीनंतरचे गाणे

काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील वार्ना हे बल्गेरियातील प्रमुख बंदर. याच शहरात २१ सप्टेंबर १९९७ रोजी व्हिक्टोरिया गेओर्गिएवा हिचा जन्म झाला. पॉप संगीताच्या दुनियेत ती केवळ 'व्हिक्टोरिया' या नावाने ओळखली जाते. वयाच्या अकराव्या वर्षी तिने गायनाचे रीतसर शिक्षण घेण्यास प्रारंभ केला.

'एक्स फॅक्टर' या दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धेच्या बल्गेरियन आवृत्तीत तिने किशोरवयातच नशीब आजमावले. आधीच्या प्रयत्नात अपयश आले. मात्र २०१५ मध्ये तिने थेट प्रक्षेपणाच्या फेऱ्यांपर्यंत मजल मारली. विजेतेपद मिळाले नाही, परंतु तिचे मार्गदर्शक असलेले रॅप गायक क्रिस्को यांच्या 'माँटे म्युझिक' या कंपनीने तिला करारबद्ध केले. २०१६ मध्ये 'निश्तो स्लुचायनो' हे तिचे पहिले बल्गेरियन गीत प्रसिद्ध झाले.

२०१९ मध्ये हा करार संपला आणि ती इंग्रजी गीतांकडे वळली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बल्गेरियाच्या राष्ट्रीय दूरचित्रवाहिनीने 'युरोव्हिजन २०२०' या गीतस्पर्धेसाठी तिची निवड केली. आर्थिक कारणास्तव २०१९ च्या स्पर्धेतून माघार घेतलेल्या बल्गेरियासाठी हे पुनरागमन होते. २०१७ मध्ये क्रिस्टियन कोस्तोव याने देशाला दुसरे स्थान मिळवून दिले असल्याने अपेक्षाही मोठ्या होत्या.

सहलेखनातून साकारलेले तिचे 'टिअर्स गेटिंग सोबर' हे गीत मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि सट्टेबाजारात ती संभाव्य विजेत्यांमध्ये गणली जाऊ लागली. मात्र अवघ्या काही दिवसांत, १८ मार्च रोजी, करोनाच्या साथीमुळे स्पर्धा रद्द झाली. १९५६ पासून अखंड सुरू असलेल्या या स्पर्धेच्या इतिहासात असे प्रथमच घडले. त्या वर्षीची गीते पुढील वर्षी सादर करता येणार नाहीत, असेही आयोजकांनी स्पष्ट केले. गायिकेची निवड कायम राहिली, परंतु गाणे नव्याने लिहिणे भाग होते.

तिने साथीच्या काळातील एकटेपणा, मनाची अस्वस्थता आणि प्रौढ होण्याचे ओझे हेच विषय निवडले. २६ फेब्रुवारी २०२१ रोजी 'अ लिटल ड्रॅमॅटिक' हा तिचा छोटेखानी गीतसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यातीलच 'ग्रोइंग अप इज गेटिंग ओल्ड' हे गीत स्पर्धेसाठी निश्चित करण्यात आले. रॉटरडॅमच्या रंगमंचावर ते सादर करताना तिने वडिलांसोबतचे आपले छायाचित्र सोबत ठेवले होते.

२० मे २०२१ च्या उपांत्य फेरीत तिने २५० गुणांसह तिसरे स्थान मिळवले. अंतिम फेरीत १७० गुणांसह ती अकरावी आली. त्यांपैकी १४० गुण परीक्षकांचे, तर केवळ ३० गुण प्रेक्षकांच्या मतांचे होते. जाणकारांना भावलेले हे संयत गाणे प्रेक्षकांच्या मतांत मागे पडले.

पुढील वर्षी बल्गेरियाचे गीत उपांत्य फेरीतच बाद झाले, तर २०२३ ते २०२५ या काळात तो देश स्पर्धेत उतरलाच नाही. त्यामुळे २०१९ ते २०२५ या सात वर्षांत युरोव्हिजनच्या अंतिम फेरीत बल्गेरियाचा आवाज एकदाच घुमला. तो वार्नाच्या व्हिक्टोरियाचा होता.