पाण्याच्या ताणातील ज्वारी आणि जनावरांची किराळ विषबाधा

पावसाने ओढ दिली की दाण्यासाठी पेरलेली ज्वारी वैरण म्हणून कापण्याची वेळ अनेक शेतकऱ्यांवर येते. गोठ्यातला कडबा संपत आलेला असतो आणि हिरवे म्हणून शेतात उभी असते ती फक्त सुकलेली, गुडघ्याएवढी ज्वारी. नेमक्या याच अवस्थेत ज्वारी जनावरांसाठी सर्वांत घातक असते. तरीही पीक मोडून टाकण्याची गरज नाही. विष कसे तयार होते, पोटात काय घडते आणि ते कशाने कमी होते, हे समजले तर याच पिकातून सुरक्षित वैरण मिळू शकते.

किराळ म्हणजे काय?

कोवळी किंवा ताणातील ज्वारी खाल्ल्याने जनावरांना होणाऱ्या विषबाधेला किराळ लागणे म्हणतात. विष असते हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजेच सायनाइड. मात्र उभ्या पिकात ते मोकळे नसते. ज्वारीच्या पानांत 'धुरीन' नावाचे संयुग असते, त्यात सायनाइड साखरेशी बांधलेले असते. डन्स्टन आणि हेन्री या शास्त्रज्ञांनी १९०२ मध्ये इजिप्तमधील ज्वारीतून ते वेगळे केले. अरबी भाषेत ज्वारीला 'धुरा' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

धुरीन पानाच्या वरच्या सालीतील पेशींमध्ये साठते, तर ते फोडणारे विकर (एन्झाइम) आतल्या हिरव्या पेशींत असते. पान शाबूत असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. किडीने कुरतडले किंवा जनावराने चावले की दोन्ही एकत्र येतात आणि काही मिनिटांत सायनाइड मोकळे होऊ लागते. पिकाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली ही सोय आहे.

ताणात धुरीन का वाढते?

पाणी कमी पडले की ज्वारीची वाढ थांबते, पण मुळांनी घेतलेला नत्र झाडात शिल्लक राहतो. धुरीन टायरोसीन या अमिनो आम्लापासून बनते, म्हणजे त्यात नत्र असतो. वाढीसाठी वापरता न आलेल्या नत्राचा काही भाग या रूपात साठतो. अनुकूल परिस्थिती आल्यावर झाड सायनाइड मोकळे न करताही धुरीन मोडून त्यातला नत्र परत वापरू शकते, असे अलीकडच्या संशोधनातून दिसते.

अमेरिकेतील संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दाणे भरताना पाण्याचा ताण पडूनही ज्यांची पाने हिरवी राहतात अशा वाणांच्या पानांत धुरीन जास्त आढळले. याचा अर्थ असा, की जे संयुग जनावराला मारते त्याचा पिकाच्या ताण सहन करण्याच्या क्षमतेशी संबंध असू शकतो. म्हणून ताणातील ज्वारी फक्त 'हिरवी दिसते' एवढ्यावरून तिला चांगली वैरण समजू नये.

जनावराच्या पोटात काय होते?

गाय, म्हैस, शेळी, मेंढी ही रवंथ करणारी जनावरे घोडा किंवा डुक्कर यांच्यापेक्षा किराळीला लवकर बळी पडतात. एका पोटाच्या जनावरांत जठरातील तीव्र आम्लामुळे धुरीन फोडणाऱ्या विकराचे काम मंदावते. रवंथ करणाऱ्यांच्या कोटीपोटात आम्लता सौम्य असते, पाणी भरपूर असते आणि तिथले जिवाणू स्वतःही धुरीन फोडतात. वाळलेला कडबा पचवणारी हीच व्यवस्था इथे विष वेगाने मोकळे करते.

मोकळे झालेले सायनाइड रक्तात जाते आणि पेशींची प्राणवायू वापरण्याची क्रिया बंद पाडते. रक्तात प्राणवायू असतो, पण पेशी तो वापरू शकत नाहीत. म्हणून अशा जनावराचे रक्त गर्द न दिसता लालभडक दिसते. यकृतातील एक विकर गंधकाच्या मदतीने सायनाइडचे कमी विषारी थायोसायनेटमध्ये रूपांतर करते. थोडे थोडे विष आले तर शरीर ते निभावते. थोड्या वेळात जास्त आले तर यकृत कमी पडते.

किती चारा घातक ठरतो?

वजनाच्या प्रतिकिलोला साधारण २ मिलिग्रॅम सायनाइड जनावराला मारक ठरते. ओल्या चाऱ्यात २०० पीपीएमपेक्षा (किलोला २०० मिलिग्रॅम) जास्त सायनाइड असेल तर तो धोकादायक मानतात. यावरून हिशोब करू. ४०० किलो वजनाच्या गाईसाठी मारक मात्रा सुमारे ८०० मिलिग्रॅम. २०० पीपीएमचा ४ किलो हिरवा चारा तिने भुकेपोटी भराभर खाल्ला तर ही मात्रा पुरी होते. चार किलो म्हणजे एक लहानशी पेंढी. म्हणून 'थोडीशीच खाल्ली होती' असे असूनही जनावर दगावते.

धोका कधी जास्त, कधी कमी?

*जास्त धोका:*
- पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४० दिवस आणि गुडघ्याखालील उंचीचे पीक. पोंग्यात व वरच्या कोवळ्या पानांत सर्वाधिक, खोडात कमी.
- पाण्याच्या ताणाने खुंटलेले, पाने गुंडाळलेले पीक.
- कापणीनंतर बुडख्यातून येणारे फुटवे, खोडव्याची कोवळी फूट.
- दीर्घ खंडानंतर पाऊस पडून आलेली नवी फूट. 'आता पाऊस झाला, धोका टळला' असे समजून जनावरे सोडली जातात. प्रत्यक्षात हे पहिले काही दिवस फार जोखमीचे असतात.
- ताणाच्या काळात युरियाची मोठी मात्रा दिलेले पीक, स्फुरद कमी असलेली जमीन.
- बांधावरील बरू गवत. तेही ज्वारीच्याच कुळातले आहे.

*कमी धोका:*
- ५० टक्के फुलोऱ्यावर आलेले, ताण नसलेले पीक.
- दाणे काढल्यानंतरचा चांगला वाळलेला कडबा.
- बाजरी आणि मका. या पिकांत धुरीन नसते. मात्र नायट्रेटचा धोका त्यांतही असतो.

ताणातील ज्वारी चाऱ्यासाठी वापरताना

१. शक्य असल्यास कापणीपूर्वी एक पाणी द्यावे, पण लगेच कापू नये. पीक पुन्हा जोमाने वाढू लागून फुलोऱ्याकडे जाईपर्यंत थांबावे.

२. पाणी नसेल आणि पीक वाचणार नसेल तर कापून उन्हात पातळ पसरावे व कडक वाळवावे. वाळताना सायनाइडचा मोठा भाग हवेत निघून जातो. अर्धवट सुकलेला चारा सुरक्षित समजू नये.

३. मुरघास हा चांगला पर्याय आहे. कुट्टी करून हवाबंद दाबावे आणि किमान चार आठवडे उघडू नये. वापरण्यापूर्वी काढलेला मुरघास थोडा वेळ मोकळ्या हवेत पसरावा.

४. भुकेले जनावर ज्वारीच्या शेतात कधीही सोडू नये. आधी वाळलेला कडबा किंवा गवत पोटभर द्यावे.

५. नवा चारा सुरू करताना पहिल्या दिवशी एका जनावराला थोडाच द्यावा आणि दोन-तीन तास लक्ष ठेवावे. मग प्रमाण हळूहळू वाढवावे.

६. हिरव्या कुट्टीचा ढीग रात्रभर ठेवून सकाळी देऊ नये. ढीग तापला की नायट्रेटचे अधिक विषारी नायट्राइट बनते.

७. शंका असल्यास पशुवैद्यकीय प्रयोगशाळेत नमुना द्यावा. पिक्रेट कागदाच्या चाचणीत पिवळा कागद विटकरी लाल झाला तर सायनाइड आहे असे समजतात. नमुना ताजा असावा, हवाबंद पिशवीत थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा.

लक्षणे आणि तातडीचे उपाय

खाल्ल्यापासून १५-२० मिनिटांत ते काही तासांत लक्षणे दिसतात: जोरजोरात श्वास, तोंडाला फेस, अस्वस्थता, झोकांड्या, थरथर, आडवे पडून झटके. विष जास्त असेल तर उपचाराला तासाभराचाही अवधी मिळत नाही.

- सर्व जनावरांपुढील चारा ताबडतोब काढावा. जी अजून बरी दिसतात त्यांनाही लगेच दूर करावे.
- पशुवैद्यकांना बोलवावे किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करावा. 'ज्वारी खाल्ली आहे' हे पहिल्याच वाक्यात सांगावे, म्हणजे ते योग्य औषध सोबत आणतील.
- सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट शिरेतून देणे हा मुख्य उपचार आहे. तो पशुवैद्यकांनीच करावा.
- झटके येणाऱ्या किंवा आडव्या पडलेल्या जनावराला तोंडाने काहीही पाजू नये. द्रव फुफ्फुसात जाऊन तेच मृत्यूचे कारण ठरू शकते.

नायट्रेटशी गल्लत नको

ताणातील ज्वारीत नायट्रेटही साठते आणि त्याचीही लक्षणे धाप लागणे व झोकांड्या हीच असतात. पण दोन्हींची वागणूक उलट आहे. सायनाइड वरच्या पानांत जास्त, नायट्रेट खोडाच्या बुडाशी जास्त. चारा वाळवल्याने सायनाइड कमी होते, नायट्रेट तसेच राहते. मुरघासात मात्र नायट्रेटही बरेच घटते. किराळीत रक्त लालभडक, तर नायट्रेटमध्ये चॉकलेटी तपकिरी दिसते. उपचारही वेगळे आहेत. किराळीवरचे सोडियम नायट्राइट नायट्रेटच्या विषबाधेत दिले तर जनावराची स्थिती आणखी बिघडते. नायट्रेटसाठी मिथिलीन ब्लू वापरतात. म्हणून घरच्या घरी इंजेक्शन देण्याचा धोका पत्करू नये. नायट्रेट टाळण्यासाठी कापताना बुडाचा १५ ते २० सेंटिमीटर भाग शेतात सोडावा.

बिनविषारी ज्वारी येईल का?

ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये रसायनाने उत्परिवर्तन घडवून धुरीन अजिबात न बनवणारी ज्वारी शोधल्याचे प्रसिद्ध केले. धुरीन बनवण्याच्या पहिल्याच पायरीवरचे विकर तिच्यात निकामी झालेले आहे. ही झाडे सामान्य वाढतात, फक्त रोपावस्थेत किंचित मंद. त्याच शोधात दुसऱ्या प्रकारची झाडेही मिळाली: रोपावस्थेत धुरीन नेहमीएवढे, पण मोठ्या झाडाच्या पानांत नगण्य. किडीपासून रोपाचे संरक्षण आणि पुढे सुरक्षित चारा, असा दुहेरी फायदा त्यातून मिळू शकतो. मात्र धुरीन काढून घेतल्यावर कोरडवाहू शेतातली ताण सहन करण्याची ताकद किती उरते, हे तपासूनच असे वाण निवडावे लागतील.

माणसांनी काळजी करावी का?

पक्व दाण्यात धुरीन नसल्यात जमा असते, त्यामुळे भाकरी निर्धोक आहे. मोड आलेल्या ज्वारीच्या कोंबात व मुळांत मात्र ते तयार होते. ज्वारीचे मोड कच्चे खाऊ नयेत. माल्ट करताना वाळवून कोंब-मुळे चोळून काढावीत.

विस्तार कार्यकर्त्यांनी पावसाचा खंड तीन आठवड्यांपुढे गेल्यास गावात दोन सूचना जरूर द्याव्यात: कोवळी ज्वारी वाळवल्याशिवाय किंवा मुरघास केल्याशिवाय देऊ नका, आणि पाऊस पडल्यावर आलेल्या नव्या फुटीत जनावरे सोडू नका.