पेढीवरची बोली : मुळू, उधानू आणि लाभ

दुकाने व आस्थापनांचा कायदा मुंबई राज्यात १९४८ साली झाला आणि महाराष्ट्रात २०१७ साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. परंतु दुकानाच्या परवान्यास ‘गुमास्ता’ म्हणण्याची लोकांची सवय काही सुटली नाही. गुमास्ता म्हणजे पेढीवरचा कारकून, मालकाचा विश्वासू माणूस. राज्ये बदलली, कायदे बदलले, तरी हा फारसी शब्द पेठेने जपला. या गुमास्त्यांची, मुनिमांची आणि दलालांची स्वतःची एक बोली होती. तिचा इतिहास व्यापारी घराण्यांतही आता क्वचितच कोणी सांगतो, म्हणून हा अल्पसा प्रयत्न.

त्या बोलीचे सर्वांत जुने रूप म्हणजे नंदभाषा. गिऱ्हाईक समोर बसलेले असताना मालकाने नोकरास भाव सांगावा आणि गिऱ्हाइकास तो कळू नये, ही तिची मूळ गरज. त्यामुळे तिचा जीव मुख्यतः अंकांत होता. केवळी म्हणजे एक, उधानू म्हणजे तीन, मुळू म्हणजे पाच, पवित्र म्हणजे सात, अंगळू म्हणजे दहा, काठी म्हणजे वीस आणि ढकार म्हणजे हजार. मोल्सवर्थ यांच्या १८५७ च्या मराठी-इंग्रजी कोशातही नंदभाषेची नोंद आहे. परंतु याहून मौजेचा पुरावा संतवाङ्मयात सापडतो. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर यांच्या नावावर असलेल्या एका अभंगात पंचमुखी, त्रिनेत्र, दशभुज देवाचे वर्णन याच अंकांनी केले आहे. विसोबांना ‘चाटी’ असेही म्हणत, आणि चाटी म्हणजे कापडाचा व्यापारी! ज्या शब्दांनी गिऱ्हाइकापासून भाव लपवावयाचा, त्याच शब्दांनी देवाचे रूप सांगण्याची कल्पना दुकानदारी जाणणाऱ्यालाच सुचावी.

कापडाच्या व किराण्याच्या दुकानांत याचेच लेखी रूप चाले. एकही अक्षर पुन्हा न येणारा दहा अक्षरांचा शब्दसमूह घ्यावयाचा, त्यातील प्रत्येक अक्षरास एकेक अंक द्यावयाचा, आणि मालाची खरेदी किंमत चिठ्ठीवर त्या अक्षरांत लिहावयाची. नव्या नोकरास हा शब्दसमूह सांगितला गेला, म्हणजे तो पेढीचा माणूस झाला असे समजावे. खरेदी ठाऊक असल्याने कोठवर उतरावयाचे हे त्यास मालकास न विचारता कळे.

येथे एक प्रश्न टाळता येणार नाही. ही गुप्तता म्हणजे लबाडी होती काय? आपल्या श्रावकाचारात अचौर्य अणुव्रताचे अतिचार सांगताना ‘हीनाधिकमानोन्मान’, म्हणजे घेताना एक माप व देताना दुसरे, आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’, म्हणजे भेसळ, यांवर स्पष्ट बोट ठेवले आहे. आपला नफा गुप्त राखणे या यादीत नाही. प्रस्तुत लेखकास चिठ्ठीवरील सांकेतिक अक्षरांत दोष दिसत नाही. पण रुमालाखालच्या सौद्याविषयी तसे म्हणवत नाही. कापूस, धान्य व गुरे यांच्या बाजारात दलाल आणि खरेदीदार कापडाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा असूनही अंधारात राही. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली, तिच्यामागे बाजारातील असे व्यवहारच होते. वऱ्हाडात मात्र त्याची सुरुवात आधीच झाली होती. जुन्या जैन मंदिरांमुळे व ग्रंथभांडारांमुळे आपणा सर्वांस परिचित असलेल्या कारंजा येथे १८८६ साली कापसाचा पहिला नियंत्रित बाजार भरला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कायदा झाला. पुढे महाराष्ट्राच्या १९६३ च्या बाजार समिती कायद्याखाली उघड लिलाव हीच रीत ठरली. गुरांच्या बाजारात मात्र रुमाल अजूनही कोठे कोठे दिसतो.

दुकानातील बोलीला आणखी एक अंग होते, ते मांगल्याचे. धान्य मोजताना मापारी पहिल्या मापास ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणे आणि मग दोन, तीन असे पुढे मोजी. दुकान ‘बंद’ करीत नसत, ‘वाढवीत’ असत. पहिल्या विक्रीची ‘भवानी’ झाल्यावाचून उधार देत नसत.

१ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ मेट्रिक मापे आली, आणि आणे, शेर, पायली यांवर उभी असलेली तोंडी गणिते निरुपयोगी झाली. १९७७ च्या नियमांनी बंद पाकिटावर किंमत छापणे बंधनकारक केले. छापील किंमत गिऱ्हाइकाच्याच हाती आल्यावर मुळू-उधानूचे कामच उरले नाही. आता खरेदीची किंमत संगणकात असते, आणि बारकोडच्या काळ्या रेघा गिऱ्हाइकास तर नाहीच, पण गल्ल्यावरच्या नोकरासही वाचता येत नाहीत. ‘भवानी’ मात्र अजून रोज सकाळी होते.