बुलढाणा जिल्ह्यातील सहीची सरकारी पत्रे

वऱ्हाडातील जुन्या कागदपत्रांचा संग्रह करणाऱ्यास प्रथम एका भेदाची जाणीव ठेवावी लागते. मराठी अमलातील सरकारी पत्रावर आजच्या अर्थाची सही सहसा नसते. माथ्यावर शिक्का, अखेरीस मोर्तब आणि मधला मजकूर कारकुनाच्या मोडी वळणात, अशी त्याची रचना असे. मोगल व निझामी कागदांवरही मुद्राच प्रमाण मानली जाई. त्या मुद्रेत कोरलेले हिजरी वर्ष हे पत्राचेच वर्ष होय, असे समजून अनेकांची फसगत झाली आहे. वस्तुतः ते मुद्रा खोदविल्याचे अथवा पदप्राप्तीचे वर्ष असते, आणि पत्र त्यानंतर कितीतरी वर्षांनी लिहिलेले असू शकते.

इ. स. १८५३ च्या तहाने निझामाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली दिले आणि बुलढाण्याच्या दफ्तरात अधिकाऱ्याची सही आली. येथील जिल्ह्याचा मुख्य कलेक्टर नव्हे, तर डेप्युटी कमिशनर. त्याच्यावर कमिशनर आणि सर्वांवर हैदराबादचा रेसिडेंट. १९०३ साली वऱ्हाडचा कारभार मध्यप्रांताकडे गेल्यावर रेसिडेंटची जागा नागपूरच्या चीफ कमिशनरने घेतली. तारीख फाटून गेलेल्या पत्राचा काळ केवळ या पदनामांवरून पुष्कळदा ठरविता येतो. खामगाव व जळगाव हे तालुके १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते, हेही ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. त्यापूर्वीच्या खामगावच्या पत्रावर बुलढाण्याच्या अधिकाऱ्याची सही शोधणे व्यर्थ होय.

या अधिकाऱ्यांत कर्नल मेडोज टेलर याचे नाव विशेष लक्षणीय आहे. ठगांवरील कादंबरीमुळे तो १८३९ पासूनच विलायतेत प्रसिद्ध झाला होता. १८५७ च्या धामधुमीत नळदुर्गाकडून उचलून त्याची नेमणूक बुलढाण्यास झाली. देण्यास फौज नाही, असेल त्या साधनांनिशी जिल्हा सांभाळावा, अशा आशयाचा तो हुकूम होता. टेलरने फौजेवाचून जिल्हा शांत राखला आणि जनरल व्हिटलॉकच्या सैन्यास ओझ्याचे बैलही मिळवून दिले. हा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर, १८७७ साली निघालेल्या आत्मचरित्रात आला आहे. मात्र बैल कोणत्या गावांतून आणि कोणाच्या गोठ्यांतून निघाले, हे साहेबाच्या आत्मचरित्रापेक्षा पाटील-पटवाऱ्यांच्या नावच्या क्षुल्लक हुकुमांवरून अधिक कळावयाचे. असे कागद संग्राहकाच्या नजरेत भरत नाहीत. कारण त्यांवर प्रसिद्ध सही नसते.

पुढे खामगाव ही कापसाची मोठी पेठ झाली. जलंब ते खामगाव हा लोहमार्ग १८७० साली गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो याच्या हस्ते खुला झाला. त्या वेळचा कापूस कमिशनर रिव्हेट-कारनॅक हा स्वतःच पुराणवस्तूंचा मोठा षोकी होता. नागपूरजवळील जुनापाणी येथील शिलावर्तुळे त्याने उकरून पाहिली. त्याच वर्षी आल्फ्रेड लायल याने संपादिलेले वऱ्हाडचे गॅझेटियर प्रसिद्ध झाले. अशा बड्या नावांच्या सह्यांना मोल येते आणि तेथेच नुकसानीस आरंभ होतो. गेल्या शतकाआधीच्या विलायती छांदिष्टांत पत्राखालील सही तेवढी कापून वहीत चिकटविण्याची चाल होती. सही उरली, पत्र गेले! पाठीवरचा मोडी शेरा, जावक क्रमांक, कागद हाती आल्याची तारीख, हे सर्व त्या कात्रीखाली नाहीसे झाले. पुडक्यातून सुटा काढलेला कागदही याच अवस्थेस पोहोचतो. मागचे-पुढचे पत्र नसल्यास हुकूम पाळला गेला की नाही, हे समजण्याचा मार्ग उरत नाही.

बुलढाण्याचे वकील यादव माधव काळे यांनी १९२४ साली ‘वऱ्हाडचा इतिहास’ प्रसिद्ध केला. यवतमाळच्या शारदाश्रमात य. खु. देशपांडे यांनी तेच कार्य पुढे चालविले. १९७२ च्या कायद्याने पंचाहत्तर वर्षांहून जुने व ऐतिहासिक महत्त्वाचे हस्तलिखित पुराणवस्तूंत गणले जाते. तथापि देशमुख-देशपांड्यांच्या घरांतील सनदा व हुकूम अद्याप बहुधा घरच्यांच्याच विवेकावर अवलंबून आहेत. इनामाच्या चौकशीत हक्क शाबीत करण्यासाठी ज्या कागदांना पिढ्यान्‌पिढ्या जिवापाड जपले, ते हक्क संपताच त्यांचे वेष्टनही कोणी बदलीनासे झाले. अशा घरी जाणाऱ्या संग्राहकाने कागद मागण्यापूर्वी पुडक्याची गाठ, त्यातील कागदांचा क्रम आणि वेष्टनावरील अक्षर यांची नोंद करून घ्यावी. सही कोणाची, हे नंतरही वाचता येते.