विचारलं कुणाला?

मालक माणसं कमी करतो तेव्हा कारण देतो. मंदी आली, बाहेरचं कापड आलं, नवं मशीन आलं. कारण खरंही असेल. पण ज्याची भाकर जाणार त्याला आधी विचारलं का? मुंबईच्या दीड लाख गिरणी कामगारांनी 1928 साली हाच सवाल केला.

रॅशनलायझेशन हा शब्द तेव्हाचा. ससून गटाच्या गिरण्या त्यात पुढं. विणकरानं दोनाऐवजी तीन साचे चालवायचे, रिंग खात्यात एकाऐवजी दोन साइड सांभाळायच्या. म्हणजे एकाच्या अंगावर दोघांचं काम आणि दुसरा गेटबाहेर. ठरवलं मालकांनी, कामगाराला नुसतं कळवलं. एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद राहिल्या. सहा महिने पोटाला चिमटा घेतला तेव्हा कुठं फॉसेट कमिटी बसली, कामगाराचं म्हणणं कागदावर आलं.

आता आपलं सांगतो, कारण लाल बावट्याच्या इतिहासात ते दोन ओळींत उरकतात.

विणकर खात्यात पगार जास्त, आणि तिथं आपल्याला बंदी. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडानं ओढून भोकातून बाहेर काढायचं. अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकराला कसा चालणार? म्हणून आपली माणसं रिंग खात्यात, कमी पगारात. बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं, सगळी खाती आम्हाला खुली करा ही मागणी घाला, नाहीतर आमच्या लोकांना मी संपात उतरू नका म्हणून सांगेन. पुढाऱ्यांनी नाखुशीनं ती घातली. मालकांना आयतंच हसायला मिळालं. हा अन्याय असेल, पण तो आम्ही केलेला नाही, म्हणाले. ह्या एका बाबतीत मालक खोटं बोलत नव्हते. कॉम्रेड लोकांना हे अजून नीट पचलेलं नाही.

तरी बाबासाहेबांनी कामगाराची बाजू सोडली नाही. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन दुश्मन दाखवले. त्याच साली 7 नोव्हेंबरला, संपावर बेडी घालणाऱ्या बिलाविरुद्ध, त्याच लाल बावट्याबरोबर एक दिवसाचा संप केला. 1943 साली मजूरमंत्री असताना, मालकानं युनियनला मान्यता दिलीच पाहिजे असं बिल त्यांनी मांडलं. मान्यता नाही तर विचारणार कुणाला?

पुढं कायदे आले. 1953 साली कपातीला महिन्याची नोटीस आणि दर वर्षाला 15 दिवसांचा पगार. 1956 साली कामात बदल करायचा तर 21 दिवस आधी नोटीस. 1976 साली 300 कामगारांच्या कारखान्याला सरकारची परवानगी, 1982 च्या दुरुस्तीनं तो आकडा 100, आणि 2020 च्या संहितेनं परत 300. आकडा वर गेला की किती गेट उघडे पडतात ते ज्याचं त्यानं मोजावं.

मुंबईच्या गिरण्यांना 1946 चा वेगळा कायदा होता. त्यात बोलायचा हक्क एकट्या प्रातिनिधिक युनियनला. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख माणूस दत्ता सामंतांच्या मागं बाहेर पडलं, आणि कायद्याच्या टेबलावर खुर्ची राष्ट्रीय मिल मजदूर संघाची! गिरण्या एकेक करत बंद पडल्या, तेव्हाही जो बाहेर उभा होता त्याला कुणी विचारलं नाही.

आणखी एक गोष्ट दोस्तहो, जी युनियनवाले सांगत नाहीत. 1953 च्या त्याच दुरुस्तीत नियम आहे, जो शेवटी आला तो आधी जाईल. मालकाच्या मर्जीला आळा घालणारा नियम, चांगला आहे. पण ज्या खात्याचं दार जातीनं अडवून धरलं, त्या खात्याच्या यादीत आपला माणूस तळालाच असणार. उशीर त्यानं केला नव्हता. आणि बदलीवाला तर यादीतही नाही, वर्षाचे 240 दिवस भरल्याशिवाय कपातीचा कायदा त्याला ओळखत नाही.

आपल्या वस्तीत गिरणीतली म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांच्याकडं बसा. कुठलं खातं, कुठल्या साली लागले, कुणाच्या आधी निघाले, हे वहीत उतरवून घ्या.