यंत्र नवे, माणसे विखुरलेली : अहमदाबादचा १९५३ चा प्रयोग

१/ १९५२ साली अहमदाबादच्या कॅलिको कंपनीने आपल्या ज्युबिली मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले. यंत्रे नवी होती आणि प्रत्येक कामाचे मोजमाप करून माणसे नेमली होती. तरीही उत्पादन अपेक्षेइतके वाढेना, सदोष कापडही कमी होईना. कापड विणणारे यंत्र ठीक होते. मग बिघडले होते काय? #इतिहास #धागा

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यात होते आणि कॅलिको मिल साराभाई कुटुंबाची होती. १९१८ च्या प्रसिद्ध गिरणी संपात मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई होते, तर गांधीजींच्या सोबत कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. त्या लढ्यातूनच १९२० साली मजूर महाजन ही संघटना उभी राहिली.

३/ १९५० च्या दशकात कॅलिकोची सूत्रे अंबालाल यांचे पुत्र, विक्रम साराभाईंचे थोरले बंधू गौतम साराभाई यांच्याकडे होती. त्यांनी लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटशी संपर्क साधला. तिथून ए. के. राइस हे संशोधक अहमदाबादला आले.

४/ टॅव्हिस्टॉकची निवड महत्त्वाची ठरली. याच संस्थेच्या एरिक ट्रिस्ट यांनी, पूर्वी खाणकामगार असलेल्या केन बॅमफोर्थ यांच्यासह, १९५१ साली ब्रिटिश कोळसा खाणींवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. नवी यंत्रे आल्यावर खाणीतल्या छोट्या, एकजीव टोळ्या मोडल्या आणि त्याचा फटका कामाला बसला, असे त्यांनी दाखवले होते.

५/ आता ज्युबिलीच्या मागखात्यात येऊ. २२४ माग, २९ कामगार आणि कामाचे तब्बल १२ प्रकार. तुटलेला धागा जोडणारा विणकर वेगळा, मागाच्या बॅटरीत कांड्या भरणारा वेगळा, एकदम तुटलेले अनेक ताणे सांधणारा वेगळा, नवे बीम चढवणारा वेगळा. शिवाय कांड्या वाहणारे, कापड नेणारे, तेल घालणारे, झाडणारे.

६/ कागदावर ही विभागणी चोख होती. पण विणकराकडे २४ किंवा ३२ माग, बॅटरी भरणाऱ्याकडे ४० ते ५० आणि ताणे सांधणाऱ्याकडे त्याहूनही अधिक. प्रत्येकाची हद्द निराळी आणि एकमेकांना छेदणारी. हिशेब केला तर एका विणकराच्या वाट्याला बॅटरी भरणाऱ्याचा पाच अष्टमांश आणि ताणे सांधणाऱ्याचा तीन अष्टमांश भाग येत होता!

७/ माग बंद पडला की विणकराला दुसऱ्याची वाट पाहावी लागे, आणि तो दुसरा त्याच वेळी तिसऱ्याच्या मागावर अडकलेला असे. कामे एकमेकांत गुंतलेली, पण माणसांना एकत्र बांधणारे काहीच नाही. आपल्या सोबतीचे कोण, हे कोणालाच सांगता येत नव्हते. साध्या मागांवर दोन माग सांभाळणाऱ्या जुन्या विणकराचे असे नव्हते. बहुतेक काम त्याच्या एकट्याच्या हातात असे.

८/ राइस यांनी १९५३ च्या आरंभी सुचवलेला बदल दिसायला साधा होता. ठरावीक मागांचा एक सलग पट्टा आणि त्याची संपूर्ण जबाबदारी एका छोट्या गटावर. ६४ मागांमागे सात माणसे. कामांची नावे कमी, वेतनाच्या श्रेणी मोजक्या आणि गटाचा म्होरक्या गटातलाच.

९/ यानंतर घडले ते व्यवस्थापनालाही अनपेक्षित होते. ही कल्पना पर्यवेक्षकांमार्फत मागखात्यात पोहोचताच कामगारांनी ती उचलून धरली. कोण कोणासोबत काम करणार हे त्यांनी आपसांत ठरवले आणि सभासदांच्या याद्या स्वतःच तयार केल्या. वरून लादलेली रचना अशी खालून स्वीकारली गेली.

१०/ प्रशिक्षणाचा अर्थही इथे बदलला. पूर्वी प्रत्येकाला एकच काम शिकवले जाई. गटात मात्र शेजाऱ्याचे काम येणे ही गरज झाली. एक जण अडकला की दुसऱ्याने हात लावायचा. ते शिकणे चालत्या मागापाशी, सोबत्याकडून होत असे. ज्याचे गटाशी जमत नसे, त्याला बाहेर पडण्याची मुभाही होती.

११/ सुरुवातीला चढउतार झाले. घडी बसल्यावर मात्र कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर स्थिरावली, तर सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत उतरले. माग तेच होते आणि गिरणीही तीच. पुढे साध्या मागांच्या खात्यातही गटपद्धती आणली गेली. राइस यांचा या प्रयोगावरील ग्रंथ १९५८ साली निघाला.

१२/ या आकड्यांकडे डोळसपणे पाहायला हवे. गटपद्धतीसोबत वेतनाची रचनाही बदलली होती. तेव्हा सुधारणेचे श्रेय गटाला किती आणि पैशाला किती, हा आक्षेप नंतरच्या अभ्यासकांनी घेतला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्याने त्यांची वजने वेगळी करणे अवघड आहे.

१३/ अधिक बोलका पुरावा काळाने दिला. टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर यांनी १९७० साली या गिरणीत पुन्हा पाहणी केली. एका खात्यात गटपद्धती इतक्या वर्षांनंतरही जवळपास शाबूत होती. इतरत्र मात्र बाजाराच्या बदलत्या मागण्या आणि गटांवर वाढलेला ताण यांमुळे कामगार हळूहळू जुन्या, एकेकट्या कामाकडे वळले होते.

१४/ म्हणजे गट एकदा बांधला की कायमचा टिकतो, असे नाही. पुरेशी माणसे, चांगले सूत आणि अडचण आपापसांत सोडवण्याइतकी सवड मिळते तोवर तो टिकतो. हे आधार काढून घेतले की सर्वांत आधी सहकार्य आटते, आणि मग दोष कामगारांच्या वृत्तीला दिला जातो.

१५/ गट हाच कामाचा घटक मानणारी ही विचारधारा पुढे १९६० च्या दशकात नॉर्वेच्या कारखान्यांत पोहोचली. १९७४ साली स्वीडनमध्ये व्होल्वोने काल्मार येथे गटांसाठीच आखलेला मोटार कारखाना उघडला. अभ्यासक्रमांत ही नावे ठळकपणे येतात.

१६/ कॅलिको मिल १९९० च्या दशकात बंद पडली. राइस, ट्रिस्ट आणि मिलर यांची नावे ग्रंथांतून उरली. ज्युबिलीच्या मागखात्यात स्वतःच्या हाताने सोबत्यांच्या याद्या करणारे विणकर, कांड्या भरणारे आणि झाडणारे मात्र त्या इतिहासात ‘कामगार’ एवढ्याच नावाने उरले आहेत. प्रयोग यशस्वी ठरला तो त्यांनी तो आपला मानला म्हणून.