चरकांतील ‘अभय’ : अंगदुर्गंधीवरील एका योगाचा अर्थनिर्णय

ताम्रपट, वतनपत्रें व वंशावळी यांच्या पंक्तीस घामाचा विचार कां बसवावा, असें त्रैमासिकाच्या वाचकांपैकीं कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्या पोथ्या आपण जिवापाड जपतों त्यांतील वैद्यकाच्या पोथ्यांत या विषयाला स्वतंत्र स्थान आहे. आणि त्यांतील एका शब्दाच्या चुकीच्या अर्थानें आम्ही स्वतः कित्येक वर्षें फसलों होतों. ती चूक कशी झाली व कशी सुटली हें सांगण्याचें प्रस्तुत लेखांत योजिलें आहे.

आम्ही हल्लीं ठाणें जिल्ह्यांत पेणकरपाडा येथें राहतों. मीरा-भाईंदर महानगरपालिका २००२ सालीं स्थापन झाली. तिच्या हद्दींतील, मीरा रोडच्या पूर्वेकडील ही वस्ती. भाईंदरची मिठागरें व खाडी फारशी दूर नाहींत, त्यामुळें हवा बहुतेक वर्षभर दमट. देशावरचा घाम अंगावरच वाळून जातो व जातां जातां अंग थंड करतो. येथला घाम वाळत नाहीं, नुसता वाहतो. चैत्र-वैशाखांत संध्याकाळच्या लोकलनें आलेला मनुष्य घरीं पोंचतो तो निथळतच. आमच्या घरीं एक जुनें बाड आहे. त्यांत स्वयंपाकाचे मसाले, मुलांच्या गुट्या व देवाच्या वातींचे हिशेब यांच्या गर्दींत उटण्याचा एक योग लिहिलेला आहे : तमालपत्र, वाळा, लोध्र, हिरडा, चंदन, आणि पुढें ‘चरकोक्त, अंगदुर्गंधीवर’ एवढेंच. दर उन्हाळ्यांत आम्ही हें उटणें करीत असूं. हिरड्यानें पांढऱ्या सदऱ्यास पिवळट डाग पडत, आणि घरांतून त्याविषयीं जें बोलणें होई तें येथें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं. पण चरकाचें नांव पाहून आम्हीं कधीं शंका घेतली नाहीं. पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसानें मूळ ग्रंथ उघडून पाहूं नये, ही आमची लाजच म्हणावयाची.

मूळ योग सूत्रस्थानाच्या तिसऱ्या, म्हणजे आरग्वधीय अध्यायांत आहे. या अध्यायांत चूर्णें व प्रदेह मिळून बत्तीस योग सांगितले असून, उपसंहाराच्या अगोदरचा जो शेवटचा श्लोक त्याच्या पूर्वार्धांत अतिस्वेदावरील योग व उत्तरार्धांत दुर्गंधीवरील योग आहे. दोन्हीं दुखणीं एकाच श्लोकांत, पण दोन वेगळ्या योगांनीं सांगितलीं आहेत, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. घामासाठीं शिरीष, लामज्जक, हेम व लोध्र यांचें चूर्ण अंगास चोळावयाचें. येथें हेम म्हणजे सोनें नव्हे, नागकेशर. सोन्याचीं नांवें नागकेशरास लागतात, हें कोशांवरून स्पष्ट आहे. दुर्गंधीसाठीं पत्र, अंबु, लोध्र, अभय व चंदन यांचा लेप. आतां बाडांतील पांच पदार्थ यांशीं ताडून पाहिले म्हणजे चवथ्या ठिकाणीं ‘अभय’ व ‘हिरडा’ समोरासमोर येतात.

हिरड्याचें नांव ‘अभया’, स्त्रीलिंगी. अमरकोशाच्या वनौषधिवर्गांत हरीतकीच्या पर्यायांत तें आरंभींच येतें. परंतु त्याच वर्गांत पुढें ‘अभय’ हें नपुंसकलिंगी नांव उशीरास, म्हणजे ज्यास आपण मराठींत वाळा म्हणतों त्या सुगंधी मुळास दिलेलें आहे. सुटा शब्द असता तर लिंगावरून निकाल क्षणांत लागता. येथें तो समासाच्या मध्यें सांपडला असल्यानें विभक्तिप्रत्यय नाहीं. तेव्हां आम्हीं वृत्ताकडे वळलों. हा चरण इंद्रवज्रेचा आहे. इंद्रवज्रेचें सातवें अक्षर लघु असलेंच पाहिजे, आणि ‘अभय’ मधील ‘य’ नेमका सातव्या स्थानीं पडतो. तेथें ‘या’ वाचला तर वृत्त मोडतें. अर्थात् ग्रंथकारानें दीर्घ आकारान्त शब्द येथें घातलेला नाहीं, इतकें निर्विवाद.

यावर एक आक्षेप संभवतो व तो आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानेंच काढला. पाणिनीनें (६.३.६३) संज्ञा व छंद यांच्या ठिकाणीं, उत्तरपद पुढें असतां, ङी व आप् प्रत्ययान्त शब्दांस ह्रस्वत्व बहुलेंकरून सांगितलें आहे, तेव्हां ‘अभया’चेंच ‘अभय’ झालें नसेल कशावरून? आक्षेप योग्य आहे, व केवळ वृत्तावर निर्णय टेकवितां येणार नाहीं हें आम्हांस मान्य करावें लागलें. म्हणून ग्रंथकाराची स्वतःची साक्ष काढली. याच सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायांत प्रत्येक कार्यांत श्रेष्ठ द्रव्य कोणतें याची लांबलचक यादी आहे. तींत दाह, त्वचेचे दोष व घाम दूर करणाऱ्या लेपांत लामज्जक व उशीर हीं अग्रगण्य म्हटलीं आहेत. ज्या लेखकानें वाळ्यास हा मान दिला, त्यानें या जोडयोगाच्या पूर्वार्धांत लामज्जक घातलें. उत्तरार्धांत उशीर यावें हें सहजच होय. अकराव्या शतकांतील वंगदेशीय टीकाकार चक्रपाणिदत्त यानेंही येथें अभय म्हणजे उशीर असाच अर्थ केला आहे. वृत्त, कोश, ग्रंथकाराचें अन्यत्र वचन व टीका, इतकीं प्रमाणें एका बाजूस असतां दुसऱ्या बाजूस आमचें बाड एकटेंच उरतें.

पण बाड लिहिणारा अडाणी नव्हता. त्याचें अक्षर व शुद्धलेखन तसें सांगत नाहींत. तो चुकला कां? आमचा तर्क असा आहे. ‘अंबु’ हें पाण्याचें नांव. आणि अमर सांगतो कीं केसांचीं व पाण्याचीं नांवें ह्रीबेर या वनस्पतीस लागतात. ह्रीबेरासच संस्कृतांत बाल किंवा वालक म्हणतात. मराठींत ह्रीबेर म्हणजे काळा वाळा, आणि नुसता वाळा म्हणजे उशीर. बाडकारानें अंबु म्हणजे वालक हें बरोबर ओळखलें, परंतु मराठींत उतरवितांना ‘वाळा’ एवढेंच लिहिलें. वाळा एकदां येऊन गेल्यावर पुढें ‘अभय’ म्हणून पुन्हां वाळाच कसा घ्यावयाचा? म्हणून त्यानें दुसरा सुप्रसिद्ध अर्थ घेतला व हिरडा आला. म्हणजे ही संस्कृताच्या अज्ञानाची चूक नसून, दोन संस्कृत नांवें मराठीच्या एकाच नांवांत मिसळल्याची चूक आहे. ज्यांच्या संग्रहीं अशीं घरगुती बाडें असतील त्यांनीं वाळा या शब्दापाशीं थोडें थांबावें, ही विनंती.

येथें हिरड्यावर अन्याय होऊं नये म्हणून एक गोष्ट नमूद करणें अवश्य आहे. त्याच चक्रपाणिदत्ताच्या चिकित्साग्रंथांत, स्थौल्याच्या प्रकरणीं, हरीतकी, लोध्र, निंबाचीं पानें, आंब्याची साल व डाळिंबाची साल यांचा अंगराग दिला आहे. हीं सर्व तुरट द्रव्यें. शिवाय अडुळशाच्या पानांचा रस शंखचूर्णाबरोबर, अथवा बेलाच्या पानांचा रस, असेही लेप तेथें दुर्गंधीवर सांगितले आहेत. तात्पर्य, हिरडा परंपरेबाहेरचा नाहीं. पण तो चरकाच्या या योगांतला नाहीं. तुरटपणाची कल्पना मुळांत खोटी नव्हती. न्हाव्याच्या पेटींतील तुरटी काखेंत फिरविण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे, आणि आजचीं घाम रोखणारीं औषधें ॲल्युमिनियमच्या क्षारांचींच बनलेलीं असतात. तुरटी त्याच कुळांतली. शिरीषाच्या योगाची तशी आधुनिक परीक्षा आम्ही करूं शकत नाहीं, म्हणून त्याची शिफारसही करीत नाहीं.

प्राचीनांच्या विचारांतील एक विशेष मात्र सांगितल्यावांचून राहवत नाहीं. चरकानें स्वेद हा मेदाचा मल मानिला आहे. अतिस्थूल मनुष्याच्या आठ दोषांत दौर्गंध्य व स्वेदाबाध हे दोन निराळे गणिले आहेत. विमानस्थानाच्या पांचव्या अध्यायांत स्वेदवह स्रोतसांचें मूळ मेद व रोमकूप असें सांगून, तीं बिघडण्याचीं कारणें अतिव्यायाम व अतिसंताप यांबरोबर क्रोध, शोक व भय हींही दिलीं आहेत. आजचें शास्त्र सांगतें कीं घाम मूळचा जवळजवळ निर्गंध असतो. काखेंतील व जांघेंतील विशेष ग्रंथींचा स्राव त्वचेवरील सूक्ष्म जंतूंनीं मोडला म्हणजे वास सुटतो. या दोन प्रकारच्या ग्रंथींचा भेद जर्मन शास्त्रज्ञ शीफरडेकर यानें १९२२ सालीं स्पष्ट केला. तेव्हां घाम व वास हीं दोन दुखणीं वेगळीं मानणें हें चरकाचें धोरण जुनें झालेलें नाहीं.

श्रीमंतांच्या घरीं हा विषय औषधाचा न राहतां भोगाचा झाला. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत गंधयुक्तीचा स्वतंत्र अध्याय घातला असून, सोळा द्रव्यांच्या भागांची अदलाबदल करून १,७४,७२० गंध होतात असा हिशेब दिला आहे. गणित करणाऱ्यानें तो पडताळून पाहावा, बरोबर उतरतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत (शके १०५१, इ. स. ११२९) स्नानभोगाचें वर्णन आहे. मराठी वाचकास याहून जिव्हाळ्याचा ग्रंथ म्हणजे ‘गंधवाद’. त्यावर मराठी टीका आहे. ही टीका व गंगाधराचा ‘गंधसार’ हे दोन्हीं ग्रंथ एकाच हस्तलिखितांत मिळाले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्यूरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनीं १९४५ सालीं त्यांवर लेख लिहून गंधवाद व त्याची टीका यांचा काळ सुमारें १३५० ते १५५० असा ठरविला. पुढें १९८९ सालीं हे ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत छापले गेले. गंगाधरानें आपल्या ग्रंथाचें तिसरें प्रकरण केवळ निघंटूस दिलें आहे. नांवांच्या गोंधळाची भीति त्यालाही होती, असें यावरून वाटतें.

मराठीनें ‘स्वेद’ हा शब्द बोलींत ठेवला नाहीं. ‘घाम’ हा ‘घर्म’पासून, प्राकृत ‘घम्म’च्या वाटेनें आलेला, म्हणजे मूळ अर्थ ऊन, उष्णता. कारणाचें नांव कार्यास लागलें. पण उन्हावांचूनही घाम येतो, हें या शब्दानें झांकून टाकलें असें आम्हांस कधीं कधीं वाटतें, आणि त्यास कारण घडलेलें आहे.

आमच्या नोकरीच्या काळांत एका वर्गांत एक मुलगा होता. त्याचे तळहात माघ महिन्यांतही ओले असत. उत्तरपत्रिकेची शाई पसरे, कागदास भोंक पडे. आम्हीं त्यास गबाळा म्हटलें, दोनदां वर्गासमोर उभें केलें, आणि उभा केला कीं घाम आणखी वाढे. इतर मुलें त्याच्या हातास हात लावीत नसत. तळहातांचा असा घाम मज्जातंतूंच्या अतिक्रियेनें येतो, पुष्कळदां तो आईबापांकडून आलेला असतो, स्वच्छतेशीं त्याचा संबंध नाहीं, व त्यावर आज वैद्यकांत खरे उपाय आहेत, हें आम्हांस फार उशिरां कळलें. क्रोध, शोक, भय हे चरकाचे तीन शब्द तेव्हांही आमच्या कपाटांत होते. एकाएकीं सुरू झालेला किंवा रात्रीं अंथरूण भिजविणारा घाम तर क्षयासारख्या मोठ्या रोगाची सूचना असूं शकतो. तेथें उटण्यानें वेळ घालवूं नये, डॉक्टरांस दाखवावें.

पोथ्यांच्या शेवटीं लेखक तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून पोथी जपा असें विनवितो. घामाचें नांव घेत नाहीं. वस्तुतः काजळाच्या शाईस ओल्या बोटाइतका शत्रु नाहीं. आमच्या बाडाच्या त्या पानाचा कोपरा असाच पुसट झाला आहे. यंदा हाताखालीं कोरा कागद घेऊन आम्हीं त्या योगाशेजारीं समासांत पेन्सिलीनें दोन टिपा घातल्या : ‘वाळा, म्हणजे काळा वाळा’ आणि ‘हिरडा नव्हे, उशीर’. मूळ अक्षर खोडलें नाहीं.