नदीचा नाला कसा झाला?



मी कामगार चळवळीतला कार्यकर्ता. माझे शिक्षण रात्रशाळेत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तेव्हा साम्राज्यांचा इतिहास पंडितांवर सोपवून मी एका लहानशा नदीचा इतिहास सांगणार आहे. ती मुंबईची मिठी नदी. आज पुष्कळ लोक तिला नाला म्हणूनच ओळखतात. पण नाला म्हणून ती जन्मली नाही. तिला नाला केले गेले.

विहार आणि पवई तलावांच्या सांडव्याचे पाणी घेऊन ही नदी कुर्ला, कालिना करीत सुमारे १८ किलोमीटर वाहते व माहीमच्या खाडीला मिळते. मुखापाशी दूरवर खाजण पसरले होते, त्यावर तिवरांचे रान होते. वरून पाऊस आणि खालून भरती एकाच वेळी आली, तर दोहोंना सामावून घेणारी जागा तीच. सरकारी नकाशाने मात्र तिला पडीक जमीन मानले. सारा अनर्थ या एका शब्दापासून सुरू झाला.

१८४५ साली माहीम आणि वांद्रे जोडणारा बांधरस्ता झाला. होडीतून जीव मुठीत धरून जाणाऱ्यांची सोय झाली, पण खाडीचे तोंड आवळले गेले. १८६० साली विहारचे धरण पुरे झाले. तहानलेल्या शहराला नळाचे पाणी मिळाले, पण नदीच्या उगमाचे पाणी अडले. ही कामे लोकोपयोगी होती, हे मान्य केलेच पाहिजे. पुढे १९५० आणि १९५७ साली शहराची हद्द उत्तरेकडे वाढली. १९५१ साली सुमारे ३० लाख असलेली वस्ती २०११ साली १ कोटी २४ लाखांवर गेली. विमानतळाच्या धावपट्टीसाठी नदीला काटकोनात वळावे लागले. १९७७ नंतर वांद्रे-कुर्ल्याच्या खाजणावर भराव पडून कचेऱ्यांचे नवे नगर उभे राहिले. काठावर तेलाची पिंपे धुणारे, भंगार वितळवणारे कारखाने आले, आणि त्यांच्या मागोमाग झोपड्या आल्या.

नदी कोणी बुजवली, असे विचारताच बोट झोपडीकडे जाते. झोपडीने पात्र अरुंद केले, हे मी नाकारत नाही. पण ज्याला काम दिले त्याला राहायला जागा कोणी दिली? एकाने मंजूर नकाशा हाती घेऊन शेकडो एकर भरले, दुसऱ्याने डोक्यावरून पाट्या वाहून दहा हात भरले. पहिल्याला विकास म्हणतात, दुसऱ्याला अतिक्रमण!

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. शहराची जुनी गटारे तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने बांधलेली. त्यात दुपारी भरती. त्या रात्री कुर्ल्यात मी छातीभर पाण्यातून चाललो. पाण्यावर काळे तेल तरंगत होते. तो वास मला ओळखीचा होता. आमचे सभासद ज्या लहान कारखान्यांत राबत, तिथलेच ते तेल.

इथे एक कबुली दिली पाहिजे. आम्ही पगारासाठी लढलो, बोनससाठी लढलो. पण हे तेल जाते कुठे, हा प्रश्न मागणीपत्रात कधी घातला नाही. कारखाना बंद पडेल, ही भीती होती. शेवटी ते तेल आमच्याच सभासदांच्या चुलीपर्यंत आले.

एवढा पाऊस कोणत्याही शहराला जड गेला असता, हे खरे. पण पाणी मुरायची जागा शिल्लक असती, तर इतके बळी गेले नसते, असे माझे मत आहे. पुरानंतर त्याच वर्षी नदीसाठी प्राधिकरण नेमले गेले. पात्र खोल झाले, रुंद झाले, काठाला भिंती आल्या. भिंत पाण्याला वाट दाखवते. मुरायला जागा देत नाही.

आपल्या गावालाही एखादा ओढा असेल. व्याख्यान संपल्यावर घरी जाताना तो कुठून वाहत होता आणि आज त्यावर काय उभे आहे, एवढे पाहून जावे. आणि त्याच्या काठाला कोण राहते, हेही पाहावे. कारण पाणी आधी त्याच्याच दाराशी येणार आहे.